पलीकडच्या बाजूने काढलेला फोटो

प्रिय श्रेया,

आधी बातमी, मग खुशाली. कळंबची स्पर्धा आपल्या पोरींनी मारली! मी इतका ओरडलो की घसा पार बसलाय, फोन करून उपयोग नव्हता. तसाही मी खो-खोचं नाव काढलं की तुला मेसची घंटा ऐकू येते आणि तू जेवायला पळतेस, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. म्हणून हे पत्र. तुमची कॅप्टन स्वराली उद्या बारामतीला कॉलेजला येतेय, तिच्या हाती देतोय. फोटोही आहे सोबत, पण तो शेवटी बघ.

तुझ्या बापाचा हात आता चांगला बसलाय बरं का. लग्नाचे फोटो काढणाऱ्या बिरूकडून मी हा जुना कॅमेरा घेतला तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "कारखान्यात मशिनी दुरुस्त करताय तेच करा की गुमान. ह्यो काय नवा नाद?" पहिल्याच सामन्यात तू पोलवर झेप घेतलीस आणि माझ्या फोटोत आला नुसता पोल! तू त्याच्या आधीच्या फोटोत नव्हतीस, नंतरच्याही नव्हतीस. आता कळलंय, झेप दिसल्यावर बटण दाबलं की उशीर झालेला असतो. पोरीनं खांदा खाली घातला की दाबायचं. परवा मी लागोपाठ तीन झेपा टिपल्या आणि आनंदानं शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत धपाटा घातला. तो समोरच्या संघाचा निघाला.

त्याआधी मात्र माझी भर बाजारात हजेरी घेतली गेली. छकुलीची आई दगडाबाई भवानीनगरच्या बाजारात भेटली आणि मेथीची जुडी माझ्या तोंडापुढं नाचवत म्हणाली, "गोकुळभाऊ, माज्या पोरीची निस्ती पाठच काढताय व्हय? तिला त्वांड न्हाय का?" मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन सगळे फोटो बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला. शिट्टी व्हायच्या आधी तुम्ही आठ जणी ओळीत बसता ना, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं? खेळ सुरू झाला की जागा बदलत राहतात, पण त्याआधीचा तो फोटो मला फार आवडतो, सगळ्या कशा ताणलेल्या असतात. तो मी कायम एकाच बाजूनं काढत आलोय. चौघींचे चेहरे आणि चौघींच्या पाठी, प्रत्येक सामन्यात. कारण तुझं तोंड त्या बाजूला असायचं. गुडघा दुखावल्यापासून तू त्या चौकोनात बसलेली नाहीस, तरी माझे पाय आपोआप तिकडंच वळत होते. आता हे दगडाबाईला काय सांगणार?

म्हणून कळंबला मुद्दाम पलीकडं जाऊन बसलो. काय सांगू तुला, मैदानच नवं वाटलं! छकुली शिट्टीची वाट बघताना जीभ बाहेर काढते हे मला इतके दिवस ठाऊकच नव्हतं. तो फोटो दगडाबाईला पाठवला, तर आता म्हणतेय, "ह्यो नगं, जीभ आत घातलेला काडा." तुझ्या जागेवर सोनम बसली होती, माझ्याकडं पाठ करून. अंतिम सामन्यात अगदी शेवटी त्यांची एक पोरगी काही केल्या बाद होईना. वेळ संपत आलेली, सर ओठ चावतायत, माझं बोट बटणावर टेकलेलं. स्वराली धावत आली, तिनं सोनमच्या पाठीवर असा सणसणीत हात मारून खो दिला की मला इकडं ऐकू आला. सोनम मागं न बघता उठली, पळाली आणि पोलवर पडली ती त्या पोरीला घेऊनच. पुढं काय झालं ते मला माहीत नाही, मी नाचत होतो.

रात्री आईला फोटो दाखवत होतो. सोनम उठतानाच्या फोटोत, तोच सोबत दिलाय, तिच्या पिवळ्या जर्सीवर तांबड्या मातीचा पंजा उमटलाय, पाचही बोटं स्पष्ट. आई बघत राहिली, मग उठून कपाटातून तुझी जर्सी घेऊन आली. तिच्यावरही तसाच पंजा आहे, पुसट झालेला. "लई घासला, न्हाय गेला," म्हणाली. "मग म्हटलं, ऱ्हाऊ दे."

श्रेया, डॉक्टर म्हणाले गुडघा ठणठणीत आहे. पण भीती गुडघ्यात नसते, हे मलाही कळतं. तू पडलीस तेव्हा मी कॅमेऱ्यामागंच होतो. तुझी किंकाळी अजून माझ्या कानात आहे. खरं सांगू, मध्ये काच असली की माझी छाती जरा कमी धडधडते, म्हणून तर हा नाद धरला. रविवारी इंदापूरला जिल्हा संघाची निवड आहे. ज्युनिअरमधलं तुझं हे शेवटचं वर्ष. तू नाही म्हणालीस तरी सरांनी तुझं नाव काढलेलं नाही. तू कोणत्याही बाजूला तोंड करून बस, मी उठून समोर येईन. स्वरालीला मी सांगून ठेवलंय, पत्र देऊन निघायचं नाही, तू वाचेपर्यंत थांबायचं. ती आत्ता तिथंच असेल. वाचून झालं की फोटो बघ आणि तिच्याकडं पाठ करून बस. पाठीवर हात पडला की मागं बघायचं नसतं पोरी, उठायचं असतं.

रविवारी मैदानाच्या कडेला बसणारा,
तुझाच,
आप्पा