दादा म्हणतो

रविवार, ७ जुलै १९१८
आयोवा, शेतावरून

प्रिय रोझिना वहिनी,

तुला नमस्कार, दोन्ही पोरींना गोड पापे. तुझं पत्र मिळालं. इकडे आम्ही ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या कोंबड्या माझ्याकडे रुळल्या, फक्त ती तांबडी खोडील अजून माझ्या पायाला चोची मारते. काकड्या लागल्यात. युद्धापायी सरकारने गव्हाचा पाव न खायचे वार ठरवून दिल्यापासून मक्याचा पाव करते. तो सुरीने कापावा की कुऱ्हाडीने, हे रोज ठरवावं लागतं. माझ्या एर्विनचं फ्रान्सहून कार्ड आलं. ‘पोचलो’ एवढंच आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आपल्या जर्मनमध्ये लिहिलेलं पाकीट दिसलं की फोडतात म्हणे. पाद्रीबुवांची बहीण उद्याच्या गाडीने तुमच्या मिनेसोटाला निघालीय, तिच्या शिवणाच्या डब्यात घालून देतेय. वाचलंस की चुलीत घाल.

तू घर बंद करून माहेरी गेलीस ते बरंच केलंस. गुरुवारी चार जुलैची मिरवणूक होती. बँड वाजवत सगळे गावातून निघाले ते थेट तुमच्या शेतावर आले, आणि भर दुपारी तुमचा गोठा पिवळ्या रंगाने माखला. भेकड देशद्रोह्यांचा रंग आहे म्हणे तो. मी पडद्याआडून बघत होते. त्यातले निम्मे मळणीच्या वेळी तुझ्या आणि माझ्या हातचं जेवलेत, वहिनी. एकाने मान वर करून माझ्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत एर्विनचा निळा तारा टांगलाय, पोरगा सैन्यात असल्याची खूण. म्हणून माझ्या दाराशी आले नाहीत. तेव्हापासून रस्त्यावर मोटार वाजली की मी दाराला कडी घालते. कुत्रं भुंकलं तरी हातातलं भांडं पडतं. टेलिफोन वाजतो, मी उचलत नाही.

तर टेलिफोन. तू विचारलंस, दादाचा घात कोणी केला? तूच उत्तरही दिलंस: टटलबाई. नवरा गावातले देशद्रोही हुडकणाऱ्या निष्ठा-समितीचा अध्यक्ष, बायको कान टवकारून बसलेली.

टटलबाईंनी ऐकलं हे खरं. आपल्या नऊ घरांना एकच तार. कोणाचीही घंटा वाजो, नऊही बायका उचलणार. चोरून कसलं ऐकायचं, टटलबाईंच्या पिंजऱ्यातला पक्षी मागे चिवचिवायचा, सगळ्यांना कळायचं. बारा वर्षं आपण असंच बोललो. मी लोणच्याची कृती सांगायचे तेव्हा नऊ घरांत पेन्सिली चालायच्या. त्या तारेवर कोणी परकं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

एर्विनची बोट सुटली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी बोलले. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. पूर्वीसारखं आपल्या भाषेत बोलले असते तर टटलबाईंना ओ की ठो कळलं नसतं. पण टेलिफोनवर जर्मन बोलायची बंदी आली, म्हणून माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलले. कायदा पाळला आणि गोत्यात आले बघ!

मी म्हणाले, “दादा म्हणतो, दोन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांनी ‘तुमची पोरं युद्धापासून लांब ठेवली’ असं सांगून मतं घेतली, आणि सहा महिन्यांच्या आत तीच पोरं बोटीत भरायची तयारी केली. दादा म्हणतो, बँकांनी इंग्लंडला दिलेली कर्जं बुडू नयेत म्हणून आपली पोरं खंदकात घालतायत. जगाला स्वातंत्र्य वाटायला निघालेत, आणि इथे देवळात म्हातारीला आपल्या भाषेत देवाचं नाव घ्यायची चोरी.”

दोघीतिघी हसल्या. कोणीतरी म्हणालं, “लोरेन्झ बोलतो कमी, पण बोलला की नेमकं बोलतो गं!” पक्षी चिवचिवत होता. नऊ दिवसांनी, युद्धाविरुद्ध बोलल्याच्या गुन्ह्याखाली, शेरीफ दादाला शेतातून घेऊन गेला.

वहिनी, तू दादावर रागावून गेलीस. ‘जन्मभर मुका राहिला आणि नको तेव्हा तोंड उघडलं’ असं लिहिलंयस. आता ऐक. त्याने तोंड उघडलंच नव्हतं. ते सगळं माझं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुला माझी खोड माहीत आहे. देवळाच्या सभेत बायकांना मत नाही, आणि विधवेचं तर कोण ऐकतो? शाळेला नवी शेगडी हवी होती तेव्हा मी तीन वर्षं घसा कोरडा केला. मग एकदा ‘दादा म्हणतो’ म्हटलं, आणि आठवड्यात शेगडी आली. तिथून सवयच लागली. काकडीच्या लोणच्यात शेपू जास्त घाला, हेसुद्धा दादाच म्हणतो! तू माझ्या शेजारी बसून तोंडात एप्रनचं टोक कोंबून हसायचीस. दादाला शेपू आणि गवत यातला फरक कळत नाही.

मी त्याला तुरुंगात भेटले.

“दादा, तू ‘हो, मीच म्हणालो’ असं का सांगितलंस?”

“मग काय सांगू? माझी बहीण खोटारडी आहे?”

“मी जाऊन खरं सांगते.”

“तोंड शिवून बस. पोरगा परत आला आणि आई तुरुंगात असली तर? वीस वर्षांची शिक्षा म्हणतायत. गप्पच बसायचंय ना? ते मला येतं.”

आणि मी बसले, वहिनी. सरकारी वकील घरी आला, कागद पुढे केला. म्हणाला, “बाई, हे तुमच्या भावाचे शब्द ना? सही करा आणि सुटा.” मी सही केली. तो म्हणाला, “घाबरू नका, तुम्हाला कोणी काही करणार नाही.” ते ऐकून मला बरं वाटलं. ही लाज मी कुठे लपवू? एवढी भित्री मी कधीच नव्हते गं.

येत्या गुरुवारी कोर्टात मला उभं करणार आहेत. फक्त ‘हो’ म्हणायचंय. मी ‘नाही’ म्हणणार आहे. गाय शेजारी दिली. एर्विनचा तारा खिडकीत ठेवून जातेय, तो तरी घर राखेल. पण भीती वेगळीच आहे. बाईच्या डोक्यातून असलं काही निघतं, यावर त्या लोकांचा विश्वास बसेल का? ते म्हणतील, बहीण भावाला वाचवतेय. टटलबाई शपथेवर सांगतील, बारा वर्षं ऐकतेय, हिचा दादाच सगळं म्हणतो. आणि त्या खोटं बोलणार नाहीत.

खरं माहीत असलेलं माणूस जगात एकच आहे. तू. मी कशी बोलते ते तू शेजारी बसून ऐकलंयस. तू बुधवारच्या गाडीत बस. नवऱ्यावर रागावली असशील तर परत येऊन रागाव, पण आधी ये. माझ्यावर रागावली असशील, तर तुझा हक्क आहे, तोही कोर्टात सगळ्यांदेखत बजाव. फक्त त्यांना लोणच्याचं सांग. शेपूचं सांग.

आणि हे पत्र चुलीत घालू नकोस. बरोबर घेऊन ये. यातलं एक अक्षरही दादा म्हणत नाही.

मी म्हणते,
हुल्डा