नळीतला बोळा

मंगळवार, दि. ९ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाई हिस,

आशीर्वाद. आम्ही दोघे बापलेक बरे आहोत. माझे गुडघे आहेत तसेच. ठकूचा खोकला कसा आहे? वाफ देतेस ना? फोन केला की तू "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. शाळा फार झाली नाही माझी, अक्षर लावून घे.

काल एसीवाला येऊन गेला. झाकण काढलं तर आत सगळी काळी बुरशी, पात्यांवर मखमलीसारखी जाड. हीच हवा तीन महिने पोरीच्या छातीत जात होती. घरमालकांना अजून कळवलं नाही. घर खाली करा म्हणतील, ही धास्ती.

तू गेल्यापासून खोलीत ओले कपडे कोणी वाळत घालत नाही. तरी बुरशी वाढलीच. म्हणजे ते कपड्यांमुळे नव्हतं. एवढंच कळवायचं होतं.

नाही, एवढंच नाही.

मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईने मला जिन्यात गाठलं. "तुमच्या एसीचं पाणी माझ्या गॅलरीत ठिबकतंय. मालकांना सांगू का?" मी तसाच वर आलो. जुनं बनियन फाडलं, बोळा केला आणि बाहेरच्या नळीच्या तोंडात कोंबला. ठिबकणं थांबलं. मी खूश. ते पाणी जाईल कुठे, हे टाळक्यात आलं नाही. आत भिंतीवर ओघळ यायचे, ते मी तुम्ही नसताना पुसून टाकायचो. तुला ओल दिसली, तेव्हा तुझ्या कपड्यांवर खापर फोडलं.

"तुझ्या गबाळेपणाने पोर आजारी पडली," असं मी म्हणालो आणि तू तिला घेऊन माहेरी निघालीस. तेव्हा मला तो बोळा आठवत होता का? आठवत होता.

काल एसीवाल्याने तो ओढून काढला. इतका काळा, की ओळखू येईना. "आजोबा, हे कोणी कोंबलं?" मी बोलायच्या आत तुझा नवरा म्हणाला, "दुसरं कोण? खालच्या बाईशी हिचंच वाजायचं." मी म्हणालो, "चहा टाकू का?"

मग त्याने तुला फोनवर काय काय सुनावलं ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. रविवारी तो येतोय. तुला न्यायला नाही, एकट्या ठकूला. पोर तुझ्याजवळ ठेवायची नाही म्हणतो. दोनदा त्याच्यासमोर जाऊन बसलो, हवापाण्याचं बोलून उठलो. बापाला मुलाची एवढी भीती वाटावी?

तो दारात आला की आधी हे पत्र त्याच्या हातात दे. पुढे तो माझं काय करायचं ते करो. तू परत ये, असं लिहायला मला तोंड नाही. टपालपेटी दोन चौक पलीकडे आहे. आत्ताच जातो, संध्याकाळपर्यंत थांबलो तर फाडून टाकीन.

'तुझा' लिहायला हात धजत नाही.

सासरा