करमत न्हाई

मंगळवार, संध्याकाळ. सांगली, खोलीवर.

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी आज एका शाळेत सहावीतल्या एका मुलीशी बोलले. वडील फौजेत, आई गावाकडं शेत बघते, म्हणून ही इथं मावशीकडं. विचारलं, "काय होतंय गं तुला?"

"काय न्हाई ओ मॅडम. करमत न्हाई."

फॉर्मवर चौकटी तीनच. चिंता, भीती, उदासी. मी उदासीवर खूण केली. चुकलंच माझं. करमत नाही म्हणजे उदास थोडंच? सांगताना हसत होती की ती! डबा खाते, अभ्यास करते, नुसतं करमत नाही. याला चौकट कुठली? कॉलेजातल्या आमच्या बाईंना विचारणार होते, पण माझ्या गावाकडच्या बोलण्यावर वर्गातली पोरं परत हसतील म्हणून विचारलंच नाही. दोन वर्षं मानसशास्त्र शिकून हे असं!

आत्ताच फलटणहून आईचा फोन येऊन गेला.

"जेवलीस का? करमतंय का गं तितं?"

"व्हय की, चांगलं करमतंय."

पटकन म्हणाले, विचारसुद्धा न करता. ती पोरगी पहिल्याच भेटीत माझ्यासारख्या परक्या बाईला खरं सांगून मोकळी झाली. मला आईलाही सांगता येईना.