पंक्चरची डबी

आत्या,

कॅन्सरच्या पेशंटसाठी निधी जमवायला आम्ही कॉलेजची मुलं सहाशे किलोमीटर सायकल चालवतोय. पाठीवर मी तुझं नाव लावलंय. लोक टाळ्या वाजवतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुझं हॉस्पिटल कॉलेजपासून चारच किलोमीटरवर होतं. पण केस गेलेलं तुझं डोकं एकदा पाहिलं आणि परत यायचा धीरच होईना. दर रविवारी फोनवर सांगायचे, "सायकल पंक्चर आहे गं."

मग तू बाबांच्या हाती पंक्चर काढायची डबी पाठवलीस. "थापाडीला दे," एवढंच म्हणालीस. पुढच्याच महिन्यात तू गेलीस.

आज चढावर खरंच पंक्चर झालं. डबी पहिल्यांदाच उघडली. ट्यूब चिकटवायचं सोल्युशन वाळून दगड झालं होतं.

तुझीच,
थापाडी