होडीतली राणी

६ ऑक्टोबर, लातूर

मिळालं! 'सात दरवाजे' मला मिळालं!

लुंबिनी मॅडमचा सकाळी पुण्याहून फोन. कंपनीने त्या जुन्या टीव्ही गेमचे हक्क घेतलेत. तो नव्याने, सोपा करून काढायचा आणि ते काम माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, "दीपमाला, नव्या माणसाला रडू येता कामा नये आणि जुन्याला झोप. नोव्हेंबरअखेर दोघंही खूश दिसले पाहिजेत. नाही तर हैदराबादची टीम टपूनच बसलीय." टपू देत. मी सोडते होय!

पहिला फोन दादाला, हदगावला. बजरंगदादाइतका हा खेळ अख्ख्या तालुक्यात कुणी खेळला नसेल. तर म्हणतो, "सोपं? सोपं करून राहिली म्हणजे वाट लावून राहिली!" आणि ठेवला फोन. अभिनंदन वगैरे काही नाही.

रिमोट कायम त्याच्याच हातात असायचा. माझं काम कॅसेट दाबून धरायचं, ती ढिली होती. हात दुखला की काडेपेटीचं खोकं दुमडून खाली सारायचे. सातव्या दरवाजापर्यंत मी त्याला कधी पोचलेला पाहिला नाही. ऐन वेळी लाईट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पण एकदा मी घरी नसताना तो पोचला, आणि शेवट कसा आहे ते त्याने मला सांगितलं. दरवाजा उघडतो, आत पाणीच पाणी, राणी होडीत बसून येते, घंटा वाजतात, ऊन पडतं. मी त्या दिवशी कशावरून तरी रुसून जेवले नव्हते. कशावरून ते आठवत नाही. रिमोट दिला नसेल, दुसरं काय! पुढे कित्येक दिवस जेवताना मी तेच ऐकायचे. खरं सांगायचं तर या धंद्यात मी त्या होडीपायीच आले.

९ ऑक्टोबर

नवी माणसं कुठून आणायची याचा विचार करत जिना उतरले, तर घरमालकीण उमादेवीकाकू शेंगा फोडत बसलेल्या. जन्मात गेम खेळलेल्या नाहीत. कंपनीने पहिले सहा दरवाजे पाठवलेत, तेच लावून बसवलं टीव्हीसमोर.

पहिल्याच खड्ड्यात पडल्या. पुन्हा पडल्या. रिमोट अख्ख्या अंगासकट डावीकडे-उजवीकडे झुकवतात, बटण मात्र दाबत नाहीत. "ह्यो उडी का मारंना गं?" म्हटलं, काकू, बटण दाबा. "दाबलं की! त्यानं ऐकावं की!" चौथ्यांदा पडल्यावर रिमोट खाली ठेवून दोन्ही कानांना हात लावले. "शिव शिव! किती बार मारायलीस त्या लेकराला? पाप लागंल मला."

पुढे नाग आला. त्याच्या डोक्यावर उडी मारायची असते, लहान पोरालाही माहीत. काकू हटून बसल्या. "नागाला कशाला मारायचं? जाईल की त्याच्या वाटंनं." आणि खरंच थांबून राहिल्या! नागाने सरळ येऊन चावा घेतला. मला हसता हसता पुरेवाट झाली. काकू दिवसभर गाल फुगवून होत्या.

१० ऑक्टोबर

हसले, पण त्यांचंच खरं. आज दोन गोष्टी बदलल्या. पडलं की मरायचं नाही, काठावर परत यायचं. आणि नाग आला की गप्प उभं राहायचं, तो निघून जातो. ज्याला उडी मारायची हौस त्याने मारावी.

१५ ऑक्टोबर

काकूंनी तिसरा दरवाजा उघडला! वर शेंगापोळी पाठवली. सोबत निरोप — चौथ्यात काय हाय ते सांगू नको.

२३ ऑक्टोबर, हदगाव, भाऊबीज

एसटीत उभ्याने आले, पाठीचा काटा ढिला झाला. पण घरी आलं की सगळं विसरायला होतं. आईने नवीन बकरी आणलीय. दारातच म्हणाली, "बघ, तुह्या चांदीवानीच हाय का न्हाई?" आहे खरी! माझ्या लहानपणच्या चांदीसारखीच पांढरी, तशीच आगाऊ. माझ्या ओढणीचं टोक खाल्लं.

ओवाळून झाल्यावर दादाला खेळायला बसवलं. मला जुना माणूस हवा होता आणि याच्याहून जुना कोण? काय हात चालतो अजून त्याचा! खताचं दुकान चालवणारा माणूस वाटतच नाही. पण तोंड त्याहून जास्त चालतं. "हे काय, पडलं तरी मरत न्हाई? मावशीचं घर हाय का?" नाग सोडून गेल्यावर तर उठून उभाच राहिला. "नाग बी माळकरी करून टाकला का गं!" मी निमूट लिहून घेत होते. चिडला तरी सोडत नव्हता, हीच माझी जीत.

सहा दरवाजे झाले. सातवा समोर आला आणि हा रिमोट ठेवून उठला! "दुकानात गिऱ्हाईक आलं असंल." भाऊबीजेला कसलं गिऱ्हाईक? दुकानाला कुलूप, किल्ली कोनाड्यात!

२४ ऑक्टोबर, हदगाव

आज पुन्हा धरून बसवला. सहाव्यानंतर म्हणतो, "लाईट जाईन आता." घरात इन्व्हर्टर आहे. मग डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, दादा, शेवट अजून बनवलेला नाही, मूळ गेमची पूर्ण फाइल यायचीय. पण दरवाजापर्यंत तर चल, तिथे कसं वाटतं ते सांग.

"शेवट मला म्हाईत हाय. त्यात काय बघायचं?"

तुसडा कुठला! दुपारच्या एसटीने परत निघाले. स्टँडवर सोडायला आला, पाण्याची बाटली घेऊन दिली, पण एसटी सुटायच्या आधीच पाठ फिरवून गेला. मला वाटतं मी त्याचा खेळ बिघडवतेय, त्याचं त्याला लागलंय. वाईट वाटतंय.

२९ ऑक्टोबर, लातूर

मूळ गेमची पूर्ण फाइल आली. शेवट बघायचा म्हणून सकाळी आंघोळसुद्धा न करता बसले. सातवा दरवाजा उघडला. पडदा काळा झाला. आणि पुन्हा पहिला दरवाजा!

मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा खेळले. पुन्हा तेच. मॅडमना फोन केला तर त्या सहज म्हणाल्या, "अगं, तेव्हाचे बरेच गेम असेच. शेवटच नसायचा. गोल गोल फिरायचं."

राणी नाही. होडी नाही. एक घंटासुद्धा नाही.

म्हणजे त्याने थापा मारल्या! आणि भाऊबीजेचं गिऱ्हाईक, लाईट, डोकेदुखी, सगळं आता लख्ख कळलं. एवढा दांडगा माणूस पितळ उघडं पडेल म्हणून दरवाजासमोरून पळत होता! आधी पोट धरून हसले. मग रडू आलं. फोन उचलला, त्याचा नंबर काढला आणि ठेवून दिला.

३० ऑक्टोबर

लबाड! लबाड! लबाड!

३ नोव्हेंबर

चार दिवस डोकं चालेना. शेवटी आज मॅडमना सांगून टाकलं की शेवट मी घालणार. होडी, राणी, घंटा, ऊन. त्या उडाल्याच. "जुने लोक फाडून खातील! नसलेला शेवट कसा घालतेस?"

मी म्हटलं, नसलेला नाही मॅडम. गेममध्ये नव्हता, आमच्या घरात होता.

मग म्हणाल्या, "कर. पण जुन्या लोकांना आवडला नाही, तर शेवटही जाईल आणि कामही." बरं, म्हटलं. आवाज धीट काढला आणि लगेच होडीचं चित्र करायला घेतलं.

११ नोव्हेंबर

घंटा कुठून आणायच्या? काकू मला महादेवाच्या देवळात घेऊन गेल्या. मी फोन धरला, त्यांनी वाजवल्या. थांबायचं नावच नाही! पुजारीबुवा बाहेर येऊन बघायला लागले. होडी छान झालीय. राणीचा चेहरा मात्र जमता जमेना, शेवटी आईचा तरुणपणीचा फोटो समोर ठेवला.

१८ नोव्हेंबर

जिंकले!

जुन्या खेळाडूंना चाचणीला दिला होता, त्यांचं मत आज आलं. अहमदपूरचे एक जण लिहितात, 'शेवट जुन्यासारखाच ठेवल्याबद्दल आभार.' नांदेडच्या एका डॉक्टरांनी लिहिलंय, 'लहानपणी मी हाच शेवट पाहिला होता, धाकट्या भावाला खरं वाटायचं नाही.' असे कितीतरी! मॅडमचा आवाज बारीक झालेला. "दीपमाला, खरंच नव्हता ना गं असा शेवट?" मी हसून हसून लोळले. म्हणजे घरोघरी एकेक बजरंग!

काम माझ्याकडेच राहिलं. दुपारी खालून काकूंची आरोळी आली, "राणी आली गं बाई!" गल्लीतल्यांना वाटलं कुणाकडे मुलगी झाली.

दादाला परवाच पाठवलाय. उत्तर नाही. त्याला वाटत असेल मी त्याला खिजवतेय. ज्याचा शेवट त्यानेच बघितला नाही, तर बाकीच्यांच्या आभारांचं काय करू?

२१ नोव्हेंबर

दादाचा फोन. "बघितलं." मागे आईचा आवाज, बकरीचं ओरडणं.

मग म्हणाला, "सगळं बराबर हाय. पण बकरी कुठं हाय?"

"कोणती बकरी?"

"राणीच्या मांडीवर व्हती ना! पांढरी. चांदीला बाजारात नेऊन इकलं त्या दिवशी. तू जेवूनच न्हाई राहिली व्हती. म्हून तर सांगितलं तुला." आणि लगेच, "चल, गिऱ्हाईक हाय."

खूप रडले. होडीत जागा आहे. उद्या बकरी बसवते.