आईच्या चरबीचा बंदोबस्त

४ नोव्हेंबर
आईला संधिवातासाठी बुलढाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून हार्मोन सुटतात, ते सांध्यांची सूज वाढवतात. वजन घटवा, पण गोळी सोडू नका. आठवड्यातून एकच, बाजाराच्या दिवशी. गोळ्या आणायचं काम माझ्याकडे. आजपासून मी जबाबदार माणूस.

११ नोव्हेंबर
गोळ्या आणायला निघालो होतो. रस्त्यात दोस्त प्रेम भेटला, सोनाळ्याले बोकड पाहाले चाल म्हणे, शंभर किलोचा. तीन दिवस गेले. बोकड ठीक होता.

१३ नोव्हेंबर
बाजार झाला, गोळी नाही. विचार केला. आठवड्यातून एकच लागते म्हणजे खरं तर लागतच नाही. मूळ चरबी. ती गेली की हार्मोन बंद. आईला सांगितलं, डॉक्टरनेच गोळी थांबवली. हाव, बरं, म्हणे. चिठ्ठी तिला वाचता येत नाही, चष्मा फुटलाय. दुरुस्तीला माझ्याकडेच आहे.

१४ नोव्हेंबर, सकाळी ६
डायट चालू. आईची संध्याकाळची भाकर बंद. वाया नको म्हणून मी खाणार.

१६ नोव्हेंबर
मोताळ्यात कापूसवाल्याच्या काट्यावर आईला उभं केलं. काट्यावरचा शालिग्राम म्हणे, कापसावानी वजनातून ओल किती कापू बे? सगळे हसले. आईसुद्धा. बहात्तर किलो.

९ डिसेंबर
आई म्हणे, बोटं मिटत नाहीत, कापूस कसा येचू? समजावलं, चरबी जाताना असंच करते. हे मी स्वतः शोधलं. बहिणीला, धम्मशीलाताईला, फोनवर यातलं काही सांगितलं नाही. ती चिखलीला नर्स आहे, उगाच खोलात जाते.

२० जानेवारी
त्रेसष्ट किलो. शालिग्राम म्हणे, माल सुकला. प्लॅन सक्सेस. आईचे गुडघे फुगलेत, चरबी तिकडे लपली असेल. मी एक्याऐंशी किलोवर गेलो, पण माझं हाड जड.

२ फेब्रुवारी
ताई अचानक आली. आईला उचलूनच गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं पुन्हा सरळ होतील असं सांगता येत नाही. गोळी कोणी थांबवली, त्यांनी विचारलं. मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होतो. आई म्हणाली, मीच भुलली जी, पोरगं तं रोज याद देते.
संध्याकाळी ताईने मला बसवलं, आईला भाकर भरव म्हणाली. दोन घास दिले. आई म्हणे, बाकीची तू खाय, लय सुकला.
खाल्ली.