थॉमस साहेबांना मराठी येतं

५ फेब्रुवारी १९९६, सातारा
मंत्रालयातून शब्द मिळाला! म्हसवडच्या माळावर इंग्लंडच्या कंपनीचा बिस्किटांचा कारखाना आणून दाखवा, विकास महामंडळाचं अध्यक्षपद तुमचं. म्हणजे लाल दिव्याची गाडी. 'माण-खटाव औद्योगिक उत्थान परिषदे'चा संस्थापक-अध्यक्ष आहे, ते काय उगीच? (इतर सभासद: सौ. उमा.)
संकल्प: पहाटे उठणे. इंग्रजी पेपर वाचणे. उमाशी वाद न घालणे.

६ फेब्रुवारी
उठायला साडेआठ. थंडी. पेपरवाल्याने मराठीच पेपर टाकला, गाढव कुठला.
इथल्याच पोवई नाक्यावरून लाल दिवा घेऊन ठेवला. गाडी सरकार देईलच. उमा म्हणाली, आपल्याकडे स्कूटर आहे, दिवा काय डोक्यावर लावणार? हिला दूरदृष्टी म्हणून नाहीच. वाद घातला.

११ फेब्रुवारी, म्हसवड
एसटीने आलो. कंबर गेली.
कंपनीचे थॉमस साहेब पुढच्या आठवड्यात जागा बघायला येणार, म्हणून सिद्धनाथाच्या देवळात बैठक. माझा सिद्धान्त पक्का झाला: इथे माणसं नसती, तर माणचा विकास कधीच झाला असता. उदारीकरणावर मी घसा कोरडा केला आणि शेवटी बनुबाई नावाच्या म्हातारीने काय विचारावं? "आवं, पर माज्या नातवाला काम मिळंल का न्हाई?" दृष्टी म्हणून ती एवढीच.
सरपंच कृष्णात. पलटणीतून रिटायर. म्हणे, "सायेब, मला विंग्रजी येतंय की. मी बोलू का गोऱ्या सायबासंगं?" पलटणीतलं इंग्रजी! साफ नाही म्हटलं. बोलणार मी. तुम्ही फक्त साहेब बोलायचे थांबले की 'होय' म्हणा, बाकी तोंड उघडू नका.
तालीम घेतली. सगळे 'व्हय' म्हणतात. मी 'होय', ते 'व्हय'. मी 'होय', ते 'व्हय'. कसल्या जिभा या! आमच्या तोंडून मरेपर्यंत असलं काही निघायचं नाही. शेवटी नाद सोडला. साहेबाला काय कळणार आहे?

१८ फेब्रुवारी, म्हसवड
थॉमस साहेब येऊन गेले. झकास!
साहेबांनी विचारलं, इथे कारखाना काढू का? सगळे एका सुरात, "व्हय!" तुमच्या पोरांना नोकऱ्या देऊ? "व्हय!" साहेबांनी बनुबाईंना हात जोडले, तर त्याही, "व्हय!" मला भाषांतर करायचीसुद्धा वेळ आली नाही. साहेबांचा चेहरा लालबुंद. ऊन सोसत नाही बिचाऱ्यांना. कृष्णात मधेच काहीतरी बोलायला लागला, मी त्याच्या पायावर पाय दिला.
शेवटी तर कमालच. साहेब माझ्याकडे वळून चक्क मराठीत म्हणाले, "व्हय? व्हय?" एवढ्यात भाषा शिकले! पण उच्चार या गावंढळांचा. म्हटलं, साहेब, शुद्ध बोलावं, 'होय'. चांगलं तीनदा म्हणून दाखवलं. साहेब तडक गाडीत जाऊन बसले.

१९ फेब्रुवारी, सातारा
बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला. उमा म्हणाली, आधी कळू तरी दे. मी पेपर तोंडासमोर धरला. मोठ्या माणसांनी घरात जपून बोलावं.

४ मार्च
कंपनीच्या मुंबईच्या मॅनेजरचा फोन. कारखाना सांगली जिल्ह्यात!
कारण काय, तर थॉमस साहेब म्हणतात, म्हसवडचे लोक फार संशयी. कारखाना काढू म्हटलं की विचारतात, 'व्हाय?' नोकऱ्या देऊ म्हटलं तरी, 'व्हाय?' एका म्हातारीला नमस्कार केला, तर तीसुद्धा, 'का म्हणून?' शेवटी तुम्हाला विचारलं, हे असं का, का? तर तुम्ही 'होय होय' करत राहिलात.
सांगलीकरांचं कारस्थान! दुसरं काय?

५ मार्च
कृष्णात घरी आला. सुनावलं त्याला, तुमच्या अशुद्ध भाषेने तालुका बुडवला. तर उलट मलाच म्हणतो, "तवाच सांगत हुतो, सायेब कावलाय, मला बोलू द्या. तुमी माजा पाय चेंगरला. बनुबाईचा नातू काल म्हमईला हमालीला गेला. म्हातारी धाय मोकलून रडती हाय."
म्हटलं, विकासाला त्याग लागतो. चहा न घेता गेला. उमाही आत निघून गेली. चहा मीच प्यायलो, दोन्ही कप.

१२ मार्च
पेपरात बातमी. अध्यक्षपद सांगलीच्या एकाला. सोबत फोटो, गाडीसकट.
शिंप्याने आज पुन्हा निरोप पाठवला, कोट तयार आहे म्हणून.
मोरीतून उमाने विचारलं, पाण्याचा मग फुटलाय, त्या दिव्याचं लाल झाकण घेऊ का?
मी म्हटलं, "व्हय."